कै. रे. नारायण वामन टिळक व त्यांचा ‘देवाचा दरबार’

टिळक हें नांव घेतलें कीं बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें लोकमान्यांची मूर्ति उभी राहते, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच कोंकणांत, त्याच चित्पावन ज्ञातींत, लोकमान्यांच्या मागून पांच वर्षांनीं दुसरे एक टिळक जन्मास आले. मराठी ख्रिस्ती उपासनेंत ज्यांचीं पदें आजही गाइलीं जातात, आणि मराठी कवितेच्या इतिहासांत ज्यांस फुलांमुलांचे कवि म्हणून ओळखतात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक हे होत. त्यांचीं पदें म्हणणारांपैकीं पुष्कळांस कर्त्याचें नांव ठाऊक नसतें. आणि ज्यांस नांव ठाऊक असतें त्यांतील फारच थोड्यांस त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांची हकीगत माहीत असते. आम्हांस मुख्यतः त्या दोन वर्षांविषयींच लिहावयाचें आहे. पण तेथवर पोहोंचण्यासाठीं आरंभापासून निघणें भाग आहे.

हा विषय आम्ही कां निवडला तेंही सांगून टाकतों. गडमुडशिंगी, आणि कोल्हापूरच्या आसपासचीं तशींच दुसरीं गांवें, येथील पालकांशीं बोलतांना एक विचार पुन्हां पुन्हां कानांवर येतो. देवाचें काम म्हणजे पाळकसाहेबांचें काम. आपण ऊस लावावा, गुऱ्हाळावर राबावें, कारखान्यांत पाळी भरावी, रविवारीं मंदिरांत जाऊन बसावें, वर्गणी द्यावी, आणि बाकीचें सर्व ज्याला त्यासाठीं वेतन मिळतें त्यानें पाहावें. असें म्हणणारीं माणसें आळशी नसतात, अश्रद्धही नसतात. आपणांस कोणी बोलाविलेंच नाहीं, असें त्यांस मनापासून वाटत असतें. आमच्या मतें ह्या समजुतीशीं महाराष्ट्रांत सर्वांत जिद्दीनें कोणी झुंज घेतली असेल तर ती टिळकांनीं.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. वडील वामनराव सरकारी नोकर होते आणि स्वभावानें कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ व भाविक होती; कवितेची गोडी मुलास लागली ती तिच्या मांडीवर. ही माउली मुलगा लहान असतांनाच वारली, आणि नारायणाचें घरांतील मन उडालें. तो नाशिकास आला. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरु मिळाले, संस्कृत चांगलें झालें, इंग्रजीचाही थोडाबहुत अभ्यास झाला. पण पदवी, परीक्षा वगैरे कांहींएक पदरीं पडलें नाहीं. १८८० सालीं नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशीं विवाह झाला. ह्याच पुढें स्मृतिचित्रें लिहून मराठी वाङ्मयांत अमर झालेल्या लक्ष्मीबाई. संसार मांडला खरा, पण टिळकांचें पाऊल एका जागीं ठरेना. कोठें शिक्षक, कोठें पुराणिक, कोठें कीर्तनकार, असें त्यांचें चालले होतें. नागपुरास अप्पासाहेब बुटी नांवाच्या एका धनिकाच्या आश्रयानें ते संस्कृत ग्रंथांच्या कामास लागले, तेव्हां कोठें जराशी स्थिरता आली.

मनाची स्थिरता मात्र नव्हती. जातिभेदानें देशाचें वाटोळें होत आहे असें त्यांच्या मनानें घेतलें होतें, आणि सर्व मनुष्यांस भावंडें मानील असा एक नवाच धर्म आपण काढावा, येथवर त्यांची मजल गेली होती. अशा मनःस्थितींत १८९३ सालीं ते नागपूरहून राजनांदगांवास आगगाडीनें निघाले. डब्यांत एक गोरे गृहस्थ होते. दोघांचें बोलणें कवितेवरून धर्मावर आलें. त्या गृहस्थानें टिळकांस नव्या कराराचें पुस्तक दिलें, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही करून टाकलें. टिळकांस तें हास्यास्पद वाटलें. तरी दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनीं टिपणें करीत पुस्तक वाचावयास घेतलें, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन ते थबकले. आपण जो धर्म काढणार होतों तो येथें आधींच सांगून ठेवलेला आहे, असें त्यांस दिसलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. भाकितास दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. तो गोरा प्रवासी पुढें टिळकांच्या आयुष्यांत कोठेंच ठळकपणें दिसत नाहीं. एका प्रवासांतलें बोलणें व एक पुस्तक एवढाच त्याचा वांटा. आमच्या विषयाच्या दृष्टीनें ही लहानशी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

बाप्तिस्म्याची किंमत जबर होती. नातलगांनीं संबंध तोडला. लक्ष्मीबाई लहानग्या देवदत्तास घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या आणि जवळजवळ पांच वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या नगरास पतीकडे आल्या, तरी सोवळें व वेगळें पाणी कायम होतें. टिळक किती तापट होते हें लक्ष्मीबाईंनींच लिहून ठेवलेलें आहे. परंतु ह्या एका बाबतींत त्यांनीं पत्नीवर सक्ति केली नाहीं, हें त्यांस मोठें भूषण आहे. देवानें मनुष्यें निर्माण केलीं, जाति मनुष्यांनीं केल्या, हा विचार लक्ष्मीबाईंस आपला आपण सुचला आणि त्याच दिवसापासून त्यांचें सोवळें सुटलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

नगरास अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. ह्यूम यांनीं टिळकांस आधार दिला. ईश्वरविद्येच्या शाळेंत, म्हणजे गांवोगांवचे उपदेशक जेथें तयार होत तेथें, ते शिकवूं लागले. १९०४ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. राहुरीस कांहीं काळ काम झालें. घरांत निराश्रित मुलें नेहमीच असत. घरखर्चासाठीं हातीं दिलेले पैसे वाटेंतच कोणा गरजूच्या हातांत जात, आणि लक्ष्मीबाईंनीं रित्या डब्यांकडे पाहत बसावें, हा रोजचाच प्रकार. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन झालें. तेथें पुढें आलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा नंतर टिळकांच्याच घरीं येऊन राहिला. त्यालाच महाराष्ट्र बालकवि म्हणतो. हा ब्राह्मण कुमार टिळकांच्या घरीं राहिला, वाढला, कविता लिहीत राहिला, आणि हिंदूच राहिला. माणसास घरांत घेण्यासाठीं टिळकांना कसलीच अट घालावीशी वाटत नसे. ही संवय पुढें दरबारांत उपयोगी पडावयाची होती.

आतां टिळकांच्या पदांविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण सामान्य माणसाच्या हातीं त्यांनीं जें साधन दिलें तें हेंच. त्यापूर्वीं मराठी मंडळ्यांत गाइलीं जाणारीं पुष्कळशीं गीतें इंग्रजीवरून उतरलेलीं असत आणि तीं इंग्रजी चालींवरच बसविलेलीं असत. मराठीचीं ऱ्हस्व अक्षरें तेथें लांबत, दीर्घ अक्षरें आंखडत. अर्थ समजण्यासाठीं गाणाराला हातांत पुस्तक लागे. पुस्तक लागलें म्हणजे वाचतां येणें आलें, आणि वाचतां येणारीं माणसें तेव्हां किती असणार? अर्थात् कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनीं देशी चालींची वाट आधींच पाडली होती, आणि तें श्रेय त्यांचें त्यांस दिलें पाहिजे. पण ती वाट राजरस्ता झाली ती टिळकांच्या वेळीं.

अभंगाची बांधणी विद्यार्थ्यांनीं व्याकरणाच्या तासास शिकलेली असेलच. चार चरण, पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरें, चौथ्यांत चार, दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें यमक. दोनदां ऐकला कीं अभंग तोंडांत बसतो. टाळ असले तर उत्तम, नसले तर टाळीवर भागतें. जात्यावर बसलेली बाई, मोट हांकणारा शेतकरी, गुरें राखणारा पोर, ह्यांपैकीं कोणालाही तो सोबतीला नेतां येतो. तुकोबांचे अभंग टिळकांच्या रक्तांत भिनलेले होते; आपण ख्रिस्ताकडे आलों तें तुकोबांच्या पुलावरून, असें ते उघड सांगत. तोच पूल त्यांनीं इतरांसाठीं मोकळा ठेवला. शेंकडों पदें त्यांनीं लिहिलीं, आणि अखेरच्या काळांतील ‘अभंगांजलि’ तर सबंध त्याच छंदांतली आहे. ज्या माणसास वेदीपाशीं उभें राहून उपदेश करतां येणार नाहीं, त्याच्या तोंडीं त्यांनीं असा उपदेश घातला कीं बोलणाराला आपण उपदेश करीत आहों हें कळूंही नये. ही शिक्षणाची रीति त्या वेळच्या कोणत्याही ईश्वरविद्यालयाच्या अभ्यासक्रमापेक्षां अधिक दूरवर पोहोंचली, असें आम्हांस वाटतें.

१९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. हें पत्र १८४२ सालीं नगरास सुरू झालेलें, म्हणजे तेव्हांच सत्तर वर्षांचें होतें. त्यांतून त्यांचीं मतें महाराष्ट्रभर जाऊं लागलीं आणि त्यांच्या मनांतील अस्वस्थताही दिसूं लागली. मिशनऱ्यांनीं शाळा काढल्या, दवाखाने काढले, दुष्काळांत हजारों जीव वांचविले. टिळक हें सर्व कृतज्ञतेनें मान्य करीत. परंतु ह्या उपकारांच्या छायेखालीं एक विपरीत गोष्ट घडत होती. उपदेशक पगारी, शिक्षक पगारी, बायबलबाई पगारी. पगार मिशनचा, आणि मिशन परदेशचें. तेव्हां ख्रिस्ती झालेल्या माणसास दोनच जागा दिसत. मिशनचा नोकर व्हावें, अथवा नुसतें बांकावर बसून ऐकावें. बाहेरचे हिंदु शेजारी तर सरळच समजत कीं हा मनुष्य ख्रिस्ताविषयीं बोलतो त्याअर्थीं त्याला त्याचे पैसे मिळत असले पाहिजेत. टिळकांस हें फार झोंबे. ते स्वतःही पगारी होते, आणि म्हणूनच अधिक झोंबे.

ह्या जागीं कोल्हापूरची एक आठवण देणें अप्रस्तुत होणार नाहीं. १८५२ सालीं रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास येऊन राहिले आणि येथील मिशनकार्याचा पाया त्यांनीं घातला. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ सालीं कोल्हापुरांतच जन्मला. हाच मुलगा पुढें अमेरिकेंत शिकत असतां १८८६ सालीं माउंट हर्मन येथें जमलेल्या विद्यार्थ्यांच्या मेळ्यांत पुढें झाला, आणि तेथें शंभर तरुणांनीं परदेशीं सुवार्ताकार्यास जाण्याची तयारी दाखविली. त्यांतून विद्यार्थी स्वयंसेवकांची मोठी चळवळ उभी राहिली व हजारों तरुण निरनिराळ्या देशांस गेले. कोल्हापुरांत जन्मलेल्या पोरानें केवढें बोलावणें पाठविलें, हें आपल्या विद्यार्थ्यांनीं अभिमानानें ध्यानांत ठेवावें. परंतु तें बोलावणें घर सोडून समुद्रापार जाणारांस होतें. टिळकांपुढचा प्रश्न निराळा होता. जो कोठेंच जाणार नाहीं, ज्याचें शेत येथेंच आहे, ज्याची म्हातारी आई येथेंच आहे, त्यानें शिष्य कसें व्हावें?

१९१७ सालीं त्यांनीं आपल्यापुरतें उत्तर दिलें. मिशनचा पगार त्यांनीं सोडला. वय पंचावन्न उलटलेलें, प्रकृति बिघडलेली, पोतें रिकामें, घर माणसांनीं भरलेलें. संन्यास घेतला असें ते म्हणत. परंतु हा संन्यास घर सोडण्याचा नव्हता, कारण बायकामुलें बरोबरच होतीं. मिशनशीं भांडण करूनही ते निघाले नाहींत, डॉ. ह्यूम यांच्याविषयींचा आदर शेवटपर्यंत कायम होता, आणि ज्ञानोदयाचें कामही चालूच राहिलें. नगर सोडून ते साताऱ्यास गेले. कोल्हापूरहून पुण्यास जातां वाटेंत लागणारें हें गांव; अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं टिळकांचें नवें बिऱ्हाड पडलें. त्यानंतरच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनीं चूल कशी पेटती ठेवली हा इतिहास वेगळाच लिहावा लागेल. पतीच्या ध्येयाचें ओझें पत्नीच्या डोक्यावर बहुधा धान्याच्या रूपानें येतें.

साताऱ्यास त्यांनीं जो बंधुसमाज स्थापिला त्याचें नांव ‘देवाचा दरबार’. नांवच पाहा. पूर्वीच्या संस्थानी मुलखांतल्या आपल्या लोकांस दरबार म्हणजे काय हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. दरबारांत मानकरी बसत, बाकीचे दाराशीं मुजरा करून परतत. टिळकांच्या दरबारांत राजा एकच, ख्रिस्त. आणि जो कोणी त्याचा शिष्य होऊं इच्छितो तो मानकरी. महार, मांग, ब्राह्मण, मराठा हा भेद नाहीं, स्त्री-पुरुष हा नाहीं, पगारी-बिनपगारी हा तर नाहींच. आणखीही एक भेद त्यांनीं पुसला, आणि तेथें पुष्कळांच्या कपाळास आंठ्या पडल्या. बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेंच न घेतलेल्यांसही दरबारांत जागा होती. ख्रिस्तावर प्रेम आहे, त्याच्यामागून चालण्याची इच्छा आहे, पण घरचीं माणसें तुटतील ह्या भयानें अथवा दुसऱ्या कारणानें ज्यांचें पाऊल अडलें आहे, असे लोक टिळकांना ठाऊक होते. स्वतःच्या घरांत त्यांनीं असें अडलेलें पाऊल पांच वर्षें पाहिलें होतें. मंडळीच्या शिस्तीच्या दृष्टीनें ह्या योजनेवर आक्षेप घेतां येतो, आणि तो घेणारे सर्वच कोत्या मनाचे होते असें आम्ही म्हणणार नाहीं. बाप्तिस्मा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण दाराशीं उभ्या असलेल्या माणसास आंत बोलवावें कीं आधीं त्याचे कागद तपासावे, हा प्रश्न टिळकांनीं उभा केला आणि तो अजून उभाच आहे.

शिष्यत्वाची तयारी दरबारांत व्हावयाची ती भजन, प्रार्थना, शास्त्रवाचन, कीर्तन आणि सेवा ह्यांतून. ह्यांतली एकही गोष्ट अशी नाहीं कीं जिच्यासाठीं विलायतेहून पैसा आणावा लागावा. भजनाला एक खोली पुरते, ती नसली तर अंगण. कीर्तनाला एक बोलणारा आणि चार धरकरी. सेवेला तर शेजारी कोणी आजारी पडण्याचाच अवकाश. हें असेंच चालावें म्हणून टिळक आग्रही होते. कारण जें काम सामान्य माणसाला त्याच्या मिळकतींत आणि त्याच्या फुरसतींत करतां येत नाहीं, तें त्याचें कधींच होत नाहीं, हें त्यांनीं मिशनच्या दोन तपांच्या नोकरींत पुरतें पाहिलें होतें.

दरबारानें किती यश मिळविलें? खरें सांगावयाचें तर फार थोडें. टिळकांच्या अंगीं प्रतिभा होती, माया होती, आग होती. परंतु व्यवस्था मुळींच नव्हती. जमाखर्च, सभासदांची यादी, नियमांची मांडणी ह्यांत त्यांचें मन रमत नसे. शिवाय काळानें त्यांस अवधिच दिला नाहीं. मे १९१८ मध्यें बालकवि भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून गेले. पोटच्या मुलासारखा वाढविलेला कवि असा अठ्ठाविसाव्या वर्षीं गेला. टिळकांची प्रकृतिही खालावतच गेली. उपचारासाठीं त्यांस मुंबईस नेलें, आणि तेथेंच ९ मे १९१९ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्याच इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास पुरलें नाहीं. देशाच्या रीतीप्रमाणें दहन केलें. दरबार त्यांच्यामागें फार दिवस टिकला नाहीं.

तरी बीं वायां गेलें असें म्हणवत नाहीं. नगरास काम करणारे जे. सी. विन्स्लो नांवाचे एक तरुण इंग्रज पाळक टिळकांनीं भारून गेले होते. त्यांनीं १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम उभा केला, त्यांत इंग्रज आणि हिंदी बंधु एका पंक्तीस बसून, खादी नेसून, देशी रीतीनें राहूं लागले. आणि १९२३ सालीं टिळकांचें इंग्रजी चरित्रही त्यांनींच लिहून प्रसिद्ध केलें.

परंतु आम्हांस दरबाराची खरी मानकरीण वाटते ती घरांतलीच. लक्ष्मीबाई शाळेंत कधीं गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती पतीकडून, तीही रागालोभाच्या अनेक प्रसंगांतून. प्लेगच्या दिवसांत, जेथें सख्खे नातलग पाऊल ठेवीत नसत अशा छावणींत ह्या बाईंनीं रोग्यांची शुश्रूषा केली. त्या वेळीं त्यांच्यापाशीं ना परिचारिकेचें प्रमाणपत्र होतें, ना मिशनची नेमणूक. टिळकांनीं ख्रिस्ताचें चरित्र ओवींत लिहावयास घेतलें होतें. ‘ख्रिस्तायन’ हें त्याचें नांव. सुमारें साडेदहा अध्याय होऊन काम थांबलें, आणि मग कर्ताच गेला. एवढा मोठा कवि ज्या जागीं थांबला त्या जागेवरून लेखणी उचलण्याचें धाडस कोणीं करावें? पंडितांपैकीं कोणी केलें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं केलें. एकीकडे स्मृतिचित्रें लिहीत, एकीकडे घर चालवीत, त्यांनीं चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या, तेव्हां ग्रंथाचा शेवट तेवढा राहिला होता. तो त्यांचे पुत्र देवदत्त यांनीं लिहिला, आणि १९३८ सालीं ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडलें.